दुसरे मत

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची सगळी शाळा गिरणीत. तेव्हा मोठाले शब्द आमच्याकडून निघायचे नाहीत. जे साच्यावर उभं राहून आणि चाळीच्या गॅलरीत बसून समजलं, तेवढंच तुमच्यापुढे ठेवणार आहोत. चुकलं तर सभा संपल्यावर कान धरा.

आज इथे कुणी इचलकरंजीहून आलेला आहे, कुणी सोलापूरचा आहे, कुणी सूतगिरणीत पाळी करतो, आणि पुष्कळ जण लालबाग-परळच्या बंद गिरण्यांच्या चाळींतले आहेत. विषय दिला आहे, “आमचा मतदारसंघ आणि दिल्ली”. विषय ऐकला आणि आमच्यातला एक जण पटकन म्हणाला, “दिल्लीला कोण का जाईना, आपल्या पगाराच्या पाकिटात काय फरक पडतो?” हा प्रश्न खोटा नाही. म्हणून आधी त्यालाच उत्तर देतो, आणि उत्तर द्यायला एक घरची गोष्ट सांगतो.

आमच्यातल्या एकाचा आजा साचेखात्यात विणकर होता. मूळचा घाटावरचा. म्हातारा वारला तेव्हा त्याची पत्र्याची ट्रंक उघडली. आत फंडाचे कागद, जुनं पंचांग, गावच्या जमिनीची पावती, आणि घडी घालून ठेवलेली एक मतपत्रिका निघाली. १९५२ सालची. मत न टाकलेली. घरात कुणाला काही कळेना. शेवटी म्हातारीनं सांगितलं, “त्या साली मतं दोन होती. एक पेटीत टाकलं आणि दुसरं घेऊन आला घरी. मी विचारलं तर म्हणाला, ते आपल्या कामाचं नाय.”

बंधूंनो, त्या दुसऱ्या मताची गोष्ट म्हणजेच आमच्या मतदारसंघाची गोष्ट आहे. ती नीट ऐका.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक झाली १९५२ साली. त्याच्या आधी मत असायचं ते घरपट्टीवाल्याला, शिकलेल्याला, मालमत्तावाल्याला. १९५२ साली मात्र एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला मत मिळालं. मालकाला एक आणि झाडूवाल्यालाही एक. गिरणगावाचा भाग तेव्हा मुंबई शहर उत्तर या मतदारसंघात होता. हा मतदारसंघ जोड होता. म्हणजे लोकसभेच्या दोन जागा एकाच मतदारसंघात, एक सर्वांना खुली आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची खूण. आडोशाला जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. वाचता न येणाऱ्यालाही जमावं अशी ही सोय होती.

राखीव जागेसाठी उभे होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. ज्यांनी देशाची घटना लिहिली ते. त्यांच्या जोडीला समाजवाद्यांचे अशोक मेहता होते. कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगे वेगळे उभे होते. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायणराव काजरोळकर हे दोघे होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे दोघेही दिल्लीला गेले. बाबासाहेब जवळपास पंधरा हजार मतांनी पडले, आणि मेहता, डांगे हेही पडले. त्या निवडणुकीत हजारो मतपत्रिका बाद ठरल्या. दुसरे मत वाया घालवा असा प्रचार झाला, असा आरोप करून बाबासाहेबांनी आणि मेहतांनी निवडणूक-अर्जही केला होता. तो मान्य झाला नाही.

अर्जाचं जाऊ द्या. कायद्याचं कायद्यापाशी. आम्ही ट्रंकेतल्या कागदाचं बोलतो. तो कागद कुणी मालकाने ठेवला नव्हता, पोलिसाने ठेवला नव्हता. आमच्याच आज्याने ठेवला होता. का ठेवला? त्याचं उत्तर निवडणुकीत नाही, खात्यात आहे.

जुन्या लोकांना ठाऊक आहे. मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य म्हटलेल्या कामगाराला उभं करत नसत. तो सूतखात्यात, कमी पगारावर. कारण काय सांगायचे? धोट्यात नवी कांडी भरली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा? पाण्याचंही तसंच, भांडी वेगळी. ही बंदी मालकाने कायदा करून घातली नव्हती. ती आम्ही कामगारांनीच पाळली, आणि मालकाला ती फुकट मिळाली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की ही बंदी उठवायची मागणी संपाच्या मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी ती घातली, पण कशीबशी घातली. खात्यातली सवय काही एका कागदाने मोडली नाही.

तरी मोडता येते हेही आम्ही पाहिलं आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्या दिवशी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एका बाजूला उभे होते. निळ्या-लाल रंगाचे भांडण त्या एका दिवसापुरते मिटले आणि मुंबईने ते पाहिले.

मग १९५२ साली काय झालं? खात्यात पाणी वेगळं राहिलं, म्हणून पेटीतही मत वेगळं राहिलं. आमच्या आज्याने एक मत आपल्या माणसाला दिलं आणि दुसरं, जे राखीव जागेच्या माणसाला गेलं असतं, ते घडी घालून खिशात ठेवलं. “आपल्या कामाचं नाय.” दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. दिल्लीत दोन खुर्च्या गिरणगावाच्या होत्या, दोन्हींवर गिरणगावाचा माणूस बसला नाही.

आता कुणी म्हणेल, बसला असता तर काय झालं असतं? त्याचं उत्तर पुढच्या चार वर्षांनी दिलं.

बंधूंनो, राज्य कोण करतं हे ठाऊक आहे का? म्हणजे कारभार नव्हे, राज्याची हद्द कोण आखतं? घटनेचं तिसरं कलम सांगतं, नवं राज्य करण्याचा, राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार पार्लमेंटचा. राज्याच्या विधानसभेला नुसतं मत विचारायचं. निकाल दिल्लीत. तेव्हा मुंबई कुणाची, मराठी मुलुख एक होणार की नाही, हे सगळं त्या गोल इमारतीत ठरणार होतं. आणि तिथे आमच्या बाजूने बोलायला आमच्या मतदारसंघाने पाठवलेला आमचा माणूस नव्हता.

काय झालं ते मुंबईने भोगलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. गिरणगाव रस्त्यावर आला आणि पुन्हा गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभरावर माणसे गेली. त्यांची नावे हुतात्मा चौकात कोरलेली आहेत. जाऊन वाचा. त्यांत आमच्यासारख्या हातावर पोट असलेल्यांची नावे किती आहेत ती मोजा.

त्याच वेळी दिल्लीत एका खुर्चीने आवाज दिला, हे विसरू नका. ती खुर्ची कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या रायगडची. आमच्यातल्या कितीतरी कामगारांचं गाव त्या जिल्ह्यात. चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर, आणि तेव्हा देशाचा अर्थमंत्री. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला. मुंबईच्या प्रश्नावर आणि गोळीबारावर त्यांना सरकारचं वागणं पटलं नाही. १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. आम्ही त्यांच्या पक्षाचे नव्हतो, त्यांच्या वर्गाचेही नव्हतो. पण खुर्ची सोडताना त्यांना खुर्ची पाठवणारा मुलुख आठवला, त्याबद्दल त्यांना मुजरा.

पण मुजरा करून झाल्यावर विचार करा. एका मोठ्या माणसाने राजीनामा दिला म्हणून दिल्ली हलली का? नाही हलली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र बांधून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य आमच्या माथी मारलं. एक माणूस कितीही थोर असला, तरी तो एक धागा. एका धाग्याचं कापड होत नाही.

कापड झालं १९५७ साली.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवाखाली आले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर जो जनसागर लोटला, त्यात गिरणगाव होता. आणि दोन-तीन महिन्यांत निवडणूक लागली.

गिरणगावाचा मतदारसंघ आता मुंबई शहर मध्य. पुन्हा जोड. पुन्हा दोन मतपत्रिका, पुन्हा पेट्या. समितीने दोन माणसे उभी केली. खुल्या जागेवर कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळराव माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या पेट्या एकमेकींकडे पाठ करून होत्या, त्या यंदा शेजारी मांडल्या गेल्या. प्रचार एकच होता. पहिलं मत जितकं आपलं, तितकंच दुसरंही आपलं. दोन्ही टाका.

आणि दोन्ही पडली! डांगेही निवडून आले आणि मानेही निवडून आले. आमच्या त्या आज्याबद्दल म्हातारीनं सांगितलं, “पुढच्या खेपेला मात्र दोन्ही टाकून आला. आला तो मोकळ्या हाताने. मला हात उघडून दाखवला.” बस्स. आमच्या घराण्यात राजकारणाचं याहून मोठं भाषण कुणी केलं नाही.

आणि हे एका गिरणगावापुरतं नव्हतं. आमची गावंही जागी झाली होती. पाळीवरून सुटलेल्या माणसाने गावी पत्र लिहिलं, मनिऑर्डरीच्या कुपनावर दोन ओळी लिहिल्या. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले, राजापुरातून नाथ पै, नाशिकहून दादासाहेब गायकवाड, पुण्याहून ना. ग. गोरे. मुंबईची मनिऑर्डर जिथे जिथे जात होती, तिथली मतपेटी बोलली. आता दिल्लीत एक धागा नव्हता, थान होतं. आणि ते थान फाडणं दिल्लीला परवडेना. १९६० च्या एप्रिलमध्ये त्याच पार्लमेंटने मुंबई राज्याची पुनर्रचना मंजूर केली आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. विदर्भ आला, मराठवाडा आला. बेळगाव-कारवारचे भाऊ बाहेर राहिले, ती सल राहिलीच. पण जे आलं ते रस्त्यावरच्या रक्ताने आणि पेटीतल्या दोन मतांनी आलं. नुसत्या एकाने आलं नसतं.

आता कडू भाग सांगतो. गोड सांगून टाळ्या घेणं सोपं असतं.

महाराष्ट्र मिळाला आणि समिती मोडली. ज्याचा त्याचा झेंडा ज्याच्या त्याच्या खांद्यावर गेला. १९६१ साली जोड मतदारसंघाचा कायदाच रद्द झाला. आमच्या मतदारसंघाचे दोन तुकडे झाले, मध्य-दक्षिण आणि मध्य-उत्तर. मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका उरली. आणि १९६२ साली कोण निवडून आलं? मध्य-दक्षिणेतून विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि मध्य-उत्तरेतून नारायणराव काजरोळकर. तेच दोघे, जे १९५२ ला गेले होते! त्यांना दोष देत नाही. ते आपल्या पक्षाचे म्हणून उभे राहिले आणि रीतसर निवडून आले. दोष द्यायचाच तर आरशात बघून द्यायचा. दहा वर्षांत घड्याळाचा काटा फिरून पुन्हा तिथेच आला, कारण आम्ही पुन्हा वेगवेगळे झालो होतो.

१९६७ साली डांगे मध्य-दक्षिणेतून पुन्हा गेले. पण त्यानंतर गिरणगावातच भाऊ भावाच्या अंगावर गेला. १९७४ च्या जानेवारीत, लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या ऐन दिवसांत, वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल झाली. एकाच गिरणीत, एकाच पाळीत काम करणाऱ्यांनी एकमेकांवर दगड घातले. चाळीचे नंबर हद्दी झाले. बंधूंनो, त्या दिवशी आम्ही मतदारसंघाची रेघ स्वतःच्या हाताने मारली. कोणत्या आयोगाने मारली नाही.

मग आला १९८२ चा संप. १८ जानेवारीला अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांतून बाहेर पडले. त्या संपात डोळ्यांत पाणी आणणारी एकजूट होती हेही सांगितलं पाहिजे. जात विसरून एकाच्या घरची भाकरी दुसऱ्याच्या घरी गेली. पण तो संप मोडला. घरं विकली, भांडी विकली, कितीएक गावी गेले ते परत आलेच नाहीत. १९८३ साली दिल्लीने कायदा करून मुंबईच्या तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला. आणि १९८४ च्या डिसेंबरात, देशभर काँग्रेसची लाट असताना, मुंबई दक्षिण मध्यमधून कामगारांनी डॉक्टर दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. पराभूत कामगाराने दिलेला तो कौल आहे. त्याचा आम्हाला अभिमान वाटतो.

पण तेव्हा गिरणीच्या फाटकावर जोर उरला नव्हता. मतपेटीत एकी होती, फाटकावर ती फुटली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दिल्लीतला माणूस म्हणजे पोहरा आहे. आड आम्ही आहोत. १९५७ साली आड भरलेला होता, म्हणून पोहरा भरून आला. १९८४ साली पोहरा चांगला होता, आडाला पाणी नव्हतं.

आणि आता नकाशा बघा. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली. वरळी, शिवडी, भायखळा, म्हणजे लालबाग-परळ-चिंचपोकळीसह गिरणगावाचा गाभा, मुंबई दक्षिणमध्ये घातला. जोडीला कोण? मलबार हिल, मुंबादेवी, कुलाबा. दक्षिण मध्य हे नाव राहिलं, पण त्यात आले धारावी, सायन-कोळीवाडा, वडाळा, माहीम, चेंबूर, अणुशक्तीनगर. विधानसभेचा परळ मतदारसंघ तर नावासकट गेला. ज्या परळच्या नावाने एके काळी भोंगे वाजत, ते नाव मतदारयादीच्या माथ्यावरून पुसलं गेलं. गिरणीमालकाचा बंगला आणि गिरणी कामगाराची खोली आता एकाच खासदाराची वाट बघतात.

कुणी म्हणेल, हा आमच्याविरुद्ध डाव आहे. आम्ही तसं म्हणत नाही. माणसं मोजून रेघा मारतात. पण मोजायला माणसं उरली कुठे होती? गिरण्या बंद पडल्या, चिमण्या गेल्या, कामगार डोंबिवलीला गेला, कल्याणला गेला, विरारला गेला, पनवेलला गेला, गावी गेला. त्याचं नाव कधी जुन्या यादीत राहिलं, कधी दोन्हीकडून उडालं. रेघ नंतर सरकली, आधी माणूस सरकला.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत या. दिल्लीला कोण का जाईना, आम्हाला काय? ऐका. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत पार्लमेंटने कामगारांचे जुने एकोणतीस कायदे गुंडाळून चार संहिता मंजूर केल्या. संप कधी करायचा, कामावरून कमी कसं करायचं, फंड आणि विमा कसा चालायचा, सगळं त्यात आलं. हे तुमच्या पाकिटातलं नाही? प्रॉव्हिडंट फंड दिल्लीचा. राज्य विमा दिल्लीचा. कापूस आणि सुतावरची आयात-निर्यात दिल्लीची. सरकारने घेतलेल्या गिरण्या आणि त्यांच्या जमिनी दिल्लीच्या कापड खात्याच्या. दादरची इंदू मिल, जिच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक ठरलं, ती जागासुद्धा दिल्लीकडून मागून घ्यावी लागली. १९५२ साली ज्यांना आम्ही दुसरं मत दिलं नाही, त्यांच्या स्मारकाच्या जागेसाठी आम्ही साठ वर्षांनी दिल्लीच्या दारात उभे राहिलो. याहून मोठा धडा कुठल्या पुस्तकात सापडणार?

तेव्हा आता करायचं काय, ते सांगतो आणि बसतो.

पहिली गोष्ट, यादी. जिथे झोपता तिथल्या मतदारयादीत नाव आहे का, बायकोचं आहे का, अठरा वर्षं पुरी झालेल्या पोराचं आणि पोरीचं आहे का, ते बघा. निवडणुकीच्या आदल्या रात्री नव्हे, या महिन्यात बघा.

दुसरी गोष्ट, प्रश्न कुणाचा ते ओळखा. गिरणी कामगाराचं घर, चाळीची पुनर्बांधणी, हे राज्याकडे. पाणी आणि गटार नगरपालिकेकडे. फंड, विमा, कामगार संहिता, सरकारी गिरण्यांच्या जमिनी, हे दिल्लीकडे. खासदाराला गटारीचं विचारू नका, तो हसतमुखाने हो म्हणेल आणि फंडाचा प्रश्न चुकवून निघून जाईल.

तिसरी गोष्ट, मत मागायला येईल त्याला कागदावर लिहून प्रश्न द्या आणि उत्तर कागदावर घ्या. निवडून आल्यावर दर वर्षी त्याला चाळीत बोलवा आणि तो कागद वाचून दाखवा. मुकादम जसा कापड तपासताना धागा तुटलेला दाखवतो, तसा तुटलेला शब्द दाखवा.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यांत अवघड. तो कागद लिहायला बसाल तेव्हा एकाच आळीची माणसं बसू नका. बुद्धविहाराच्या बाजूची माणसं बोलवा, मोहल्ल्यातली बोलवा, उत्तरेकडून आलेला मागवाला बोलवा, सूतगिरणीतल्या बाया बोलवा. त्यांच्या घरी जाऊन बसा. त्यांनी दिलेलं पाणी प्या. जोड मतदारसंघ कायद्याने गेला तो गेला, परत येणार नाही. आता हातात मत एकच आहे. पण त्या एका मतात दुसऱ्याचं मत मिसळायचं की नाही, हे ठरवायला कोणता कायदा आड येत नाही.

पुन्हा जनगणना होतील, पुन्हा नकाशे मांडले जातील, रेघा इकडच्या तिकडे होतील. कुठल्या मतदारसंघात नाव जाईल ते आपल्या हाती नाही. पण कुठल्याही मतदारसंघात गेलो तरी एकत्र जायचं की सुटे सुटे, हे आपल्याच हाती आहे.

ती ट्रंकेतली मतपत्रिका आमच्यातल्या त्या भावाने अजून जपून ठेवली आहे. काही जण म्हणाले, जाळून टाक, आज्याची बेअब्रू होते. तो म्हणाला, “नाय जाळणार. पोरांना दाखवायला पायजे.” आम्हाला तेच बरोबर वाटतं. आज्याने १९५७ साली हात उघडून दाखवला होता. आपल्या नातवंडांनी आपली ट्रंक उघडली तर तिच्यात काय निघेल, याचा विचार करत आज घरी जा.

आमचे चार शब्द संपले. 

कामगारांची एकजूट झिंदाबाद!